एका डोळ्यात एकच दिवा

माणसाचे छायाचित्र काढणे हे एक काम आणि त्या छायाचित्रातला चेहरा नीटनेटका करणे हे दुसरे. ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे त्यांची कीर्ती या दुसऱ्या कामासाठी होती. गल्लीत त्यांचा उल्लेख कुणी नावाने करीत नसे; माघारी सारे त्यांना 'रंधा' म्हणत. सुताराचा रंधा फळी गुळगुळीत करतो, तसे हे माणसांची तोंडे गुळगुळीत करतात, असा त्यातला भाव. समोर मात्र 'काका'. त्यांचा स्टुडिओ आमच्या राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर होता आणि माझे निवृत्तीनंतरचे बहुतेक सकाळचे चहा तिथेच झाले. पुढील हकिगत मला त्यांनी आणि काही अंशी त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, सांगितली.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला राखाडी पडदा, त्यापुढे बिनहाताची खुर्ची, समोर काळे फडके पांघरलेला लाकडी कॅमेरा. दिवे दोन. मोठा दिवा उंच तिवईवर, तोंडावर पांढरे कापड ताणलेला. त्याला घरात 'थोरला' म्हणत. दुसरा लहान, तो 'धाकटा'. थोरल्यामुळे चेहऱ्याला उठाव येई, पण एका बाजूला काळोखही पडे. तो काळोख धाकट्याने सौम्य करायचा.

"थोरला बिघडवतो, धाकटा निस्तरतो," काका गिऱ्हाइकाला सांगत. "तुमच्या घरच्यासारखंच."

धाकट्याच्या तिवईचा स्क्रू लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तुटला होता. तो त्यांनी पुन्हा कधी बसवला नाही, कारण वहिनी तो दिवा हातात धरू लागल्या, आणि तिवईपेक्षा त्यांचा हात शहाणा निघाला. गिऱ्हाइकाच्या नाकाची सावली कुठे पडते ते पाहून त्या दिवा तसूभर वर, तसूभर मागे नेत. शिवाय तोंडही चालू असे. एकदा एक स्थूल वकील खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काका, हनुवटी एकच ठेवा. दुसरी घरी ठेवून आलोय असं समजा."

"मग तिसरी कुणाची?" वहिनी दिव्यामागून म्हणाल्या. वकील हसले आणि काकांनी नेमके त्या क्षणी बटण दाबले. ते छायाचित्र वकिलांच्या कचेरीत अखेरपर्यंत होते.

खिडकीपाशी काकांचे उतरते टेबल होते. त्यात दुधी काच बसवलेली आणि खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून उलटून काचेतून वर येई. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवून ते काम करीत. निगेटिव्हमध्ये सारेच उलटे: जे उजळ ते काळे, जे काळे ते पारदर्शक. सुरकुती तिथे पारदर्शक रेघ म्हणून दिसते. ती पेन्सिलीने भरली की छापील चित्रातून सुरकुती जाते. पेन्सिलीचे टोक ते काचकागदावर घासून सुईसारखे लांब करीत. याउलट कपाळावरची तेलकट चकाकी किंवा टकलावर पडलेली दिव्याची झळाळी निगेटिव्हवर काळा डाग होऊन बसते. ती घालवायची तर चाकूच्या टोकाने फिल्मवरचा थर हलके हलके खरवडावा लागतो. पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. चाकूचे काम ब्रह्मदेव आला तरी परत फिरत नाही.

त्यांचा एक नियम होता: एका डोळ्यात एकच दिवा. दोन दिवे लावले की बुबुळात दोन ठिपके उमटतात आणि नजर फुटल्यासारखी दिसते. म्हणून दुसरा ठिपका ते न चुकता खरवडून टाकीत. वहिनी धाकटा इतक्या बेताने धरीत की अशी वेळ क्वचितच येई.

आता वहिनींविषयी. त्यांच्या डाव्या गालावर लहानपणी उकळते पाणी सांडले होते. गालफडापासून जबड्यापर्यंतची कातडी ताणलेली, चकचकीत, पाण्याने भिजलेल्या रेशमासारखी होती. त्या स्वतः त्याचा बाऊ करीत नसत. लग्न झाल्यावर काकांनी हौसेने त्यांचे छायाचित्र काढले, आठवडाभर चाकू चालवून गाल निर्मळ केला, चित्र मोठे करून चौकटीत घातले आणि दर्शनी काचेमागे लावले. बायकोला याहून मोठी भेट कोणती देणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दुसऱ्याच दिवशी वहिनी ती काच पुसत असताना एक बाई थांबल्या. चित्राकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले आणि म्हणाल्या, "किती गोड चेहरा! मालकांची मेहुणी का हो?"

"हो," वहिनी म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण."

संध्याकाळी त्यांनी ते चित्र स्वतः उतरवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "माझी बहीण आवडली असेल तर तिलाच आणा घरात. मी दिवा धरते."

काकांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता हे कळायला त्यांना बरीच वर्षे लागली. त्यानंतर वहिनी कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. मुलगी झाली, तिचे पहिले पाऊल, शाळेचा गणवेश, पदवीचा झगा, लग्न, सगळ्याची छायाचित्रे निघाली. प्रत्येक वेळी वहिनी धाकट्यामागे उभ्या. "ये गं तूही," असे म्हटले की उत्तर तयार असे: "मग उजेड कोण बघेल? तुम्ही?" आणि काका ते मान्य करीत, कारण खरोखरच उजेड वहिनींसारखा कुणी पाहिला नसता. सोयीचे कारण मिळाले की माणूस त्यापलीकडचे खरे कारण शोधत नाही.

मुलगी लग्नानंतर फार दूर गेली. तिला मूल झाले, ते बोलू लागले, आणि एक दिवस तिचा फोन आला. घरातल्या फोटोंची पेटी तिने सोबत नेली होती.

"बाबा, हा विचारतो आजी कशी दिसते, आणि माझ्याकडे दाखवायला एकही फोटो नाही. आजीचा हात आहे तीन-चार फोटोंत. दिवा धरलेला."

"पाठवतो," काका म्हणाले.

"पण गाल तसाच हवा. लहानपणी मी त्यावर बोट ठेवल्याशिवाय झोपत नव्हते. तुमचा रंधा चालवलात तर फोटो परत पाठवीन, सांगून ठेवते."

काकांनी वहिनींना विचारले. त्यांना नकाराची खात्री होती. वहिनी भाजी निवडत होत्या, निवडतच म्हणाल्या, "तिला हवाय तर बसते. पण काहीही करायचं नाही. सावली नाही, पेन्सिल नाही, चाकू नाही. आहे ती मी."

"शब्द देतो," काका म्हणाले.

त्या शब्दाचे काय झाले हेच मला सांगायचे आहे.

ठरल्या दिवशी स्टुडिओ बंद ठेवला. वहिनी धुवट साडी नेसून खुर्चीत बसल्या. काकांनी थोरला मुद्दाम डाव्या बाजूला, भाजलेल्या गालाच्या अंगाला आणला. उभ्या आयुष्यात त्यांनी तो गाल उजेडात घेतला नव्हता. मग धाकट्याचा प्रश्न आला. तो धरणारा हात आज खुर्चीत होता. शेवटी त्यांनी तो एका स्टुलावर ठेवला. वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खाली पडतोय तो. डोळ्यात टोचेल."

"तू आज गिऱ्हाईक आहेस. गप्प बस."

"बघा हं, हे गिऱ्हाईक पैसे देत नाही."

काका काळ्या फडक्यात शिरले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर वहिनी उलट्या, पाय वर, डोके खाली दिसू लागल्या. त्यांनी नजर साधली, गालाची ताणलेली कातडी स्पष्ट येते ना ते पाहिले, बाहेर येऊन फिल्म घातली, दिव्याचे अंतर पुन्हा मोजले, घड्याळाकडे पाहिले, 'हलू नको' असे सांगितले आणि बटण दाबले. एकच चित्र. दुसऱ्याची गरज नाही, इतके ते नेमके होते.

फिल्म धुतली. गाल जसाच्या तसा आला होता, तिरप्या उजेडात चमकणारा. काकांनी ती टेबलावर ठेवली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःचा अभिमान वाटला, कारण पेन्सिलीला हात लावायची इच्छाही झाली नाही. डोळ्यांखालची वर्तुळे तशीच सोडली, कपाळावरच्या रेघा तशाच सोडल्या. फक्त डाव्या डोळ्यात, खालच्या पापणीच्या काठाशी, एक जास्तीचा ठिपका होता. स्टुलावरच्या धाकट्याचा प्रताप, असे त्यांनी मानले. तो काही वहिनींचा चेहरा नव्हता. तो तर दिव्याचा दोष. दोष काढणे म्हणजे चेहऱ्यात बदल करणे नव्हे. त्यांनी चाकूचे टोक टेकवले आणि चार हलक्या फटकाऱ्यांत ठिपका नाहीसा केला.

चित्र छापून, वाळवून त्यांनी वहिनींपुढे ठेवले. वहिनींनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिले.

"गाल आहे," त्या म्हणाल्या.

"आहे ना! म्हटलं होतं मी."

"आणि ते कुठं गेलं?"

"काय?"

"पाणी. डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या. पुसावं म्हटलं, तर तुम्ही हलू नको म्हणालात."

काका मला हे सांगताना दर वेळी इथे बायकोविषयी न बोलता दिव्याविषयी बोलत. "दिव्याचा ठिपका बुबुळावर पडतो, पापणीच्या काठावर नाही. आणि पडला तर दोन्ही डोळ्यांत पडतो. हा एकाच डोळ्यात होता. नवशिक्या पोराला कळलं असतं हो. मी पाहिलंच नाही. दिसला ठिपका की चाकू, एवढंच हाताला माहीत."

त्यांनी वहिनींना विचारले होते, पाणी का आले. त्या म्हणाल्या, "काय माहीत. एवढ्या वर्षांनी समोर बसवून कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय, असं वाटलं."

 खरे तर छायाचित्र काढताना काका काचेकडे पाहत होते, अंतराकडे पाहत होते, घड्याळाकडे पाहत होते. त्या क्षणी समोर बसलेल्या बाईकडे त्यांनी पाहिले नव्हते. पाहिले असते तर ठिपक्याची ओळख पटली असती.

"पुन्हा बस," ते म्हणाले. "आत्ता बस. दिवे तसेच आहेत."

"आणि पाणी? ते काय नळाचं आहे, फिरवला की यायला?"

तरी त्यांनी हार मानली नाही. छापील चित्रावर बारीक कुंचल्याने पांढऱ्या रंगाचा ठिपका देता येतो. डोळ्यात जीव आणायला हे सारेच करतात. त्यांनी दुसरी प्रत काढली, भिंग लावले आणि पापणीच्या काठावर, होता तिथेच, होता तेवढाच ठिपका ठेवला. मी ती प्रत पाहिली आहे. कुणीही म्हणाले असते की बाईच्या डोळ्यात पाणी आहे.

वहिनींनीही ते मान्य केले. "छान जमलंय," त्या म्हणाल्या. "पण हे तुमच्या हातचं आहे. माझं होतं ते गेलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या चित्र परत देऊन गॅसवर दूध ठेवायला गेल्या. राग असता तर आपल्याला सोपे गेले असते, असे काका म्हणत.

त्यांनी ओल्या कापसाने तो ठिपका पुसला. त्यानंतर चाकू त्यांच्या टेबलावर दिसला नाही. तेलकट कपाळांची माणसे तेलकट कपाळे घेऊन घरी जाऊ लागली, आणि गल्लीत 'रंधा बोथट झाला' अशी थट्टा सुरू झाली. गिऱ्हाईक ओसरले, त्याचे त्यांना फारसे काही वाटले नाही. मला मात्र तेव्हा वाटले होते की ते उगाच स्वतःला शिक्षा करून घेत आहेत. एका ठिपक्यापायी माणसाने धंदा बिघडवू नये. पुढची गोष्ट ऐकल्यावर माझे मत बदलले.

चित्र मुलीकडे गेले. काही दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा दोघेही घरी होते. काकांनी फोन घेतला, वहिनी शेजारी बसल्या. मुलीचा आवाज इतका मोठा होता की वहिनींनाही सारे ऐकू येत होते.

"बाबा, किती सुंदर आलाय! गाल अगदी तसाच. हा सारखं त्यावर बोट ठेवतोय. आणि आई किती शांत दिसते हो. किती सुखी."

काका 'हं' म्हणाले.

"खरं सांगा, तुम्ही काहीच केलं नाहीत ना यात? शप्पथ?"

काकांनी ठरवले होते की सांगायचे. हो, केले, आणि जे केले ते असे केले. वाक्य त्यांनी मनात जुळवूनही ठेवले होते. मुलीला सांगितले की ते बायकोलाही पहिल्यांदा नीट सांगितल्यासारखे होईल, अशी त्यांची कल्पना होती. नुसत्या 'चूक झाली' या शब्दांपलीकडे त्यांनी वहिनींजवळ काही कबूल केले नव्हते. पण तोंडून नुसता हुंकारच लांबत राहिला, आणि वहिनींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"नाही गं," त्या मुलीला म्हणाल्या, "या खेपेला हातसुद्धा लावला नाही त्यांनी. आहे तशी आले मी." आणि मग लगेच, "खोकला थांबला का त्याचा? रात्री पंखा नका लावू."

 बायकोने आपल्याला वाचवले, हे काकांना कळत होते. आणि ज्या एका गोष्टीतून त्यांना वाचायचे नव्हते तिच्यातूनच वाचवले, हेही कळत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विषय काढून पाहिला. वहिनी म्हणाल्या, "झालं ना आता. पोर खूश आहे." त्यापुढे विषय त्यांच्या घरात निघाला नाही. तो निघत असे तो खाली स्टुडिओत, सकाळच्या चहाला, माझ्यापाशी; म्हणजे ज्याला सांगून काहीही उपयोग नव्हता अशा माणसापाशी.