दारची

२० ऑक्टोबर १९४८. कोजागिरी होऊन गेली, पहाटे गारवा सुटायला लागला, आणि माझ्याकडे एक गोधडी महिनाभर अर्धी पडली आहे. आज तिला धावदोरा घालायला बसले. वरचं हिरवं लुगडं शेजारणीचं आहे. ते अंथरलं आणि सवयीने तोंडातून निघालं, "दारचीला पाणी घातलंस का गं?" शेजारच्या ओट्यावर कुणी नव्हतं. सुईत दोरा ओवला आणि कामाला लागले.

दारची म्हणजे तुळस. माझी शेजारीण तुळशीला तुळस म्हणत नसे. खोकला झाला की ती दारचीचा काढा करून आणायची. कार्तिकात दारचीचं लगीन लावायची. आरतीत तो शब्द आला की एक घास गिळावा तसा गिळायची आणि पुढच्या शब्दाला आमच्यात येऊन मिळायची. कारण सरळ होतं. तिच्या नवऱ्याचं नाव तुळशीराम.

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मीही नाव घेत नसे. एकदाही घेतलं नाही, तरी माझा नवरा पस्तिशीत गेला. तेव्हापासून माझा या गोष्टीवर विश्वास उरला नाही. शिवणयंत्रावर मात्र आहे, त्यावरच माझं पोट चालतं.

आमचं गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं, मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं, शेवटचं. माझ्या दुकानासमोर नाका. नाक्याचा आडवा बांबू ओलांडला की वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. शेजारीण इकडची, नवरा तिकडचा. लग्न होऊन ती वाशीमला नांदायला जायची होती, पण तेवढ्यात तिच्या बापाचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आई आधीच गेलेली, दुसरं मूल नाही. ती म्हणाली, "दादा बरे झाले की येते." दादा बरे झाले नाहीत आणि मेलेही नाहीत. नवऱ्याने दुसरी केली नाही. तो वाशीमच्या एका जिनात सरकी काढायच्या यंत्रावर होता. दर शनिवारी काम सुटलं की सायकलवर टांग मारून यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा.

तेव्हा नाक्याचा त्रास नव्हता. पिशवीत कापड, साखर आहे का एवढं बघत. शिपाई त्याला म्हणायचे, "आ गये जमाईराजा?" आणि बांबू वर करायचे.

तो मोठा गमत्या माणूस. दारात सायकल लावली की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय वो, हे अंगणात कायचं झाड लावलं?"

"दारची हाय."

"दारची? असं झाड तर म्या पाह्यलं नाही कुठी. वाशीमले याले काही दुसरंच म्हंतात."

"म्हणू द्या. हात-पाय धुवा."

दर शनिवारी हेच. मी यंत्रावरून ऐकायची. एखाद्या शनिवारी तो आला नाही तर ते मलाही चुकल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी तिची भाकरी जास्तीची झालेली असायची, ती आणून द्यायची. "अक्का, घ्या. येकटीला जात न्हाई." बाप घरात होता, पण तो बोलत नव्हता. सहा दिवस त्या घरातून भांड्यांशिवाय कसला आवाज येत नसे.

मग इंग्रज गेले. तिकडे स्वराज्य आलं, इकडे मोगलाई तशीच राहिली, आणि आमच्या नाक्यावर बंदुकवाले बसले. चिठ्ठीशिवाय माणूस आत सोडेनात. जमाईराजा एका दिवसात परदेशी झाला.

चिठ्ठ्या तीन तऱ्हेच्या होत्या. मी नाक्यावरच्या शिपायांचे सदरे शिवायची, त्यामुळे मला सगळं आधी कळायचं. एक बाजाराची चिठ्ठी. माल घेऊन यायचं, विकायचं, दिवस मावळायच्या आत परत. दुसरी यात्रेची. औंढ्याला देवदर्शनाला जाऊन यायचं, मधे मुक्काम करता येईल, पण येताना तिथला शिक्का दाखवायचा. तिसरी नात्याची. तिच्यावर महिनाभर राहता येत होतं आणि महिना संपला की पुन्हा काढता येत होती. पण त्यासाठी इकडच्या नातेवाइकाने स्वतः साहेबांपुढे उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं होतं, माणूस कोण, नातं काय, नाव काय.

मी तिला म्हटलं, "यात विचार करण्यासारखं काही नाही. तिसरी काढ."

नाव सांगावं लागेल हे ऐकताच तिने मान खाली घातली. "दादांना बोलता आलं असतं तर..."

"दादांना येत नाही. तुला येतं."

"मला न्हाई येत, अक्का. पयली कोणती म्हणला तुमी? बाजाराची?"

तर जिनातला कामगार कांद्याचा व्यापारी झाला. रविवारी सकाळी सायकलला कांद्याचं पोतं बांधून आला. बाजारात बसला तर त्याला भाव सांगता येईना. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायच्या ऐवजी तो कांदे फुकट द्यायला लागला. शेवटी तीच डोक्यावर पदर घेऊन गेली आणि सगळे कांदे विकत घेऊन घरी आली. मागे पोतं उचलून तो. तासभर जेवला, बसला, आणि सूर्य कलला तसा निघाला. त्या थंडीत आम्ही दोन घरं नुसतं कांद्यावर जगलो.

"कांदेवाल्याशी लगीन लागलंय तुझं," मी म्हटलं.

ती हसली. मग म्हणाली, "तासाभरात काय बोलावं तेच सुचून न्हाई राह्यलं. सहा दिवस साठवून ठेवते अन् ते आले की इसरून जाते."

मग यात्रेची चिठ्ठी काढली. त्यात मुक्काम होता, पण औंढा काही दाराशी नाही. तिच्या ओट्यासमोरून तो गाडीत बसून गेला, दर्शन घेतलं, शिक्का घेतला, परत आला तेव्हा मुदतीतली एक रात्र उरली होती. तिच्यासाठी अंगारा आणला होता.

मी म्हटलं, "देवाला पोचलात, बायकोला नाही."

"देवाची चिठ्ठी हाये ना बाई," तो म्हणाला आणि खोकायला लागला. तो खोकला मला आवडला नाही. जिनात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांच्या छातीत कापसाचा तूस बसतो. माझ्या माहेरी वाशीमला असे दोघे-तिघे मी पाहिलेले होते. तिलाही ऐकू आला. ती उठली आणि दारचीची पानं तोडायला गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला वाशीमच्या गाडीवाल्याने निरोप आणला की त्याला काम होत नाही, खोलीवर पडून असतो, भाकर कुणी दिली तर खातो. ती तिकडे जाऊ शकत नव्हती. बापाला कूस बदलायलाही ती लागायची. त्यालाच इकडे आणायला हवं होतं, आणि तासाभरासाठी नाही.

या वेळी तीच माझ्याकडे आली. "अक्का, चला. नात्याची काढू."

आम्ही नाक्यावर गेलो. साहेब नवे होते. मी बोलायला लागले तर म्हणाले, "तुम कौन? पड़ोसन? बाहर बैठो. इनकी जबान से चाहिए." मी बाहेर बाकावर बसले. आत बराच वेळ काही आवाज नाही. मग साहेबांचा आवाज, "अम्मा, शाम हो जाएगी. खाविंद का नाम बोलो."

ती बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता आणि हातात चिठ्ठी.

"घेतलंस नाव?"

"घेतलं," ती म्हणाली. चेहरा असा की जणू उखाण्यात सगळ्या बायकांना हरवून आली.

चिठ्ठी उर्दूत. तिला वाचता येत नाही, मला येत नाही. दुसऱ्याच दिवशी गाडीवाल्याच्या हाती ती वाशीमला गेली. तिने घर सारवलं, बाज उन्हात टाकली, नव्या मडक्यात पाणी भरलं.

शुक्रवारी दुपारी तो आला. सायकल नव्हती, गाडीतून उतरला. एक ट्रंक, एक वळकटी. निम्मा झाला होता. मी काम टाकून दारात उभी राहिले, ती ओट्यावरून धावली. मधे बांबू.

शिपायाने चिठ्ठी उलगडली. "नाम?"

"तुळशीराम."

शिपायाने पुन्हा वाचलं. "ये तुम्हारी नहीं है. इसमें तो दारचीराम लिखा है."

मला सगळं लख्ख कळलं. त्यालाही कळलं, कारण तो मोठ्याने हसला, हसता हसता खोकला. "अरे, मीच दारचीराम! हो ना, मीच!"

"दो मिनट में नाम बदल गया?" शिपाई हुशार होता, आणि त्या दिवसांत हुशारीच जास्त होती. तो तिच्याकडे वळला. "बाई, तुम बोलो. इसका नाम क्या है?"

मी म्हटलं, "सांग की गं! आता तरी सांग!"

तिने दोन्ही हातांनी बांबू धरला. "राम म्हटलं की म्या," ती मला म्हणाली. "राम तर समद्यांचाच. पण पुढचं... अर्धं घेतलं व्हतं, अक्का." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. तो बांबूला टेकून उभा होता, कारण त्याला नुसतं उभं राहवत नव्हतं.

"तुळशीराम," ती म्हणाली. शिपायाला ऐकू गेलं नाही असं वाटून तिने परत सांगितलं, ओरडून. "तुळशीराम!"

शिपाई म्हणाला, "तो ये चिठ्ठी गलत है. दूसरी बनानी पड़ेगी. साहब हिंगोली गये हैं, सोमवार को आना."

मी त्याला पुष्कळ बोलले. तुझ्या सदऱ्याची बटणं तोडून घेईन म्हटलं. तो म्हणाला, "बाई, मेरी नौकरी जाएगी," आणि ते खरं असावं. तुळशीरामाला मात्र आमच्या भांडणात काही रस नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता.

"लगन झाल्यापासून पयल्यांदा आयकलं," तो म्हणाला. "मले वाटे, तुले माझं नावच ठाव नाही. आणखी एकदा म्हण."

तिने पदर तोंडावर धरला.

"बरं. सोमवारी म्हणजो," तो म्हणाला आणि वळकटी उचलून परत जाणाऱ्या गाडीकडे गेला. ट्रंक गाडीवाल्याने उचलली.

सोमवार उजाडायच्या आत रस्ताच बंद झाला. तिकडून इकडे गोळीबार, इकडून तिकडे गोळीबार, अर्धं गाव शेतांत लपायला गेलं. चिठ्ठ्या, साहेब, शिक्के सगळं थांबलं. ना गाडी, ना निरोप. ती रोज सकाळी दारचीला पाणी घालायची आणि नाक्याकडे तोंड करून उभी राहायची. पावसाळाभर मी तिला त्या एका जागेवर पाहिलं. श्रावणात बाप गेला. खांदा द्यायला चार माणसं मिळणं मुश्कील झालं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, मोगलाई संपली आणि लोकांनी नाक्याचा बांबू मोडून सरपणाला नेला. तिने त्याच दिवशी गाठोडं बांधलं. दोन जुनी लुगडी मला दिली. "गोधडी करा. तिकडं थंडी कमीच असंल." वाशीममध्ये थंडी कमी असते हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

सकाळी निघायचं होतं, तर सकाळीच तिकडून एक माणूस चालत आला. जिनातला, त्याच्या शेजारच्या खोलीतला. ओट्याशी उभा राहून म्हणाला, "बाई, तुळशीराम आषाढात गेला. सांगाले रस्ता नव्हता."

ती रडली नाही. त्याला गूळ-पाणी दिलं. तो पिईपर्यंत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तुळशीला पाणी घालायचं राह्यलं आज."

मी तिचा शब्द ऐकला आणि तांब्या भरून आणला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्या त्या दिशी दोनदा घेतलं व्हतं ना?"

"कापसाने गेला तो," मी म्हटलं. "तू जन्मभर मुकी राहिली असतीस तरी गेला असता. माझा गेला की नाही?"

"व्हय," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

गाठोडं बांधलेलंच होतं. ते तिने उचललं. मी विचारलं, "आता तिकडे जाऊन काय करशील?"

"खोली कशी व्हती ते बघते. येकदा बी न्हाई बघितली."

त्या माणसाच्या मागून ती निघाली. जिथे बांबू होता तिथे आता मोकळा रस्ता होता. तो माणूस सरळ पुढे गेला. ती थांबली, गाठोडं खाली ठेवलं आणि कुणीतरी येऊन विचारेल म्हणून उभी राहिली. कुणी आलं नाही. मग गाठोडं उचलून चालायला लागली.

तिचा निरोप नाही. गाडीवाला म्हणतो, एका जिनात कापूस निवडायला बसते अशी कुणी बाई आहे. असेल.

२१ ऑक्टोबर. गोधडी काल संध्याकाळी पुरी झाली. आज सकाळी उठून तिच्या अंगणात गेले, मंजिऱ्या खुडल्या, दारचीला तांब्याभर पाणी घातलं आणि गोधडी वाशीमच्या गाडीवर पाठवून दिली.