दुपारी मिटणारा गहू

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, पिंपळगाव रेणुकाईला वडिलांची शेती बघते. मी जालन्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कामाची ती, बोलण्याची मी, असं ती पाहुण्यांसमोरही बिनदिक्कत सांगते.

गेल्या वर्षी गहू पोटरीत आला, ओंबी बाहेर पडायच्या बेतात होती, आणि विहिरीत एका भिजवणीपुरतंच पाणी उरलं. गव्हाचे तुकडे दोन. एकात दुकानातून आणलेलं नवं वाण, वर्षाच्या पोळ्यांसाठी. दुसरा छोटा, त्यात वडिलांनी मरेपर्यंत जपलेला बन्सी, शेवयांचा जुना देशी गहू. अक्काचा फोन आला, बन्सीच्या पानांच्या रोज दुपारी सुरळ्या होताहेत, तो वाळायच्या आत शेवटचं पाणी त्यालाच देते. नव्या गव्हाची पानं छान पसरलेली होती, म्हणजे त्याला घाई नव्हती, असं तिचं म्हणणं.

मला राहवेना. दोन्ही गव्हांची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठव, तोवर पाणी सोडू नकोस, म्हटलं. आता गव्हालाही जालन्याच्या दवाखान्यात नेतात वाटतं, असं म्हणून तिने पाठवली.

पान गाजराच्या फटीत धरून ब्लेडने पातळ काप घ्यायचे, ही आमची नेहमीची युक्ती. सूक्ष्मदर्शकाखाली बन्सीच्या पानाची वरची बाजू सऱ्या पाडलेल्या रानासारखी दिसली. प्रत्येक सरीच्या तळाशी मोठ्या, फुगीर पेशींचा झुबका. उन्हात या पेशींतलं पाणी कमी झालं की त्या आक्रसतात, पान आत वळतं आणि ज्या बारीक छिद्रांतून वाफ निघून जाते ती वरची छिद्रं सुरळीत झाकली जातात. वर मेणाचा पांढुरका थरही चांगला जाड होता. नव्या वाणाच्या पानात सऱ्या उथळ, त्या पेशी लहान. त्या बिचाऱ्याला धड मिटताच येत नव्हतं. टवटवीत दिसत दिसत ते पाणी उधळत होतं. हे चित्र मी कितीदा फळ्यावर काढलंय, पण ते आमच्याच रानात रोज दुपारी घडत असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी उठले.

एक शंका मात्र होती. मिटलेलं पान रात्रीतून पुन्हा उघडलं नाही, तर पीक खरंच धोक्यात आहे असं समजायचं. हे पहाटे कळतं, आणि आमच्या घरात पहाटे कुणी पीक पाहत नाही. दूध काढायचं, डेअरीला घालायचं, भाकरी बांधून दुपारी रानात जायचं. पीक उन्हातच पारखावं, असं वडील सांगायचे आणि अक्काने ते कधी मोडलं नाही.

शनिवारी मी मुक्कामाला गेले आणि पहाटे तिला ओढतच रानात नेलं. बन्सीची पानं झाडून सगळी उघडली होती. नव्या गव्हाच्या खालच्या पानांचे शेंडे पिवळे पडू लागले होते. अक्का बराच वेळ पानांवरून बोटं फिरवत राहिली. मग वाद न घालता तिने पाटाचं पाणी नव्या गव्हाकडे वळवलं.

पाणी संपत आलं तेव्हा ती सहज बोलावं तशी म्हणाली, "घरात बन्सीचं मूठभर बी न्हाई. व्हतं तेवढं सगळं पेरलं म्या."

म्हणजे हा तुकडा वाळला तर वडिलांचा बन्सी कायमचा संपला. आधी का नाही सांगितलंस, म्हणून मी तिच्यावर चिडलेच.

"आधी सांगितलं असतं तर तू भेली असतीस," ती म्हणाली. "मंग खरं काय ते बोललीच नसतीस."

त्यानंतर रोज पहाटे तिचा फोन यायचा. "उघडली," एवढंच सांगून ती ठेवून द्यायची. एकदा म्हणाली, बांधाकडची काही अजून मिटलेलीच हायेत. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं, देव जाणे. पुढे थंडी परतली, ओंब्या बाहेर पडल्या, दाणा थोडा बारीक पण भरीव निघाला.

मळणी झाल्यावर अक्का जालन्याला माझ्याकडे आली. पाटावर बसवून तिने माझी ओटी बन्सीने भरली. ओंजळींवर ओंजळी घालतच राहिली, पदर जड झाला. आता याच्या शेवया करू, असं मी म्हणणार तोच ती म्हणाली, "हे दळायचं न्हाई. निम्मं बी आजपासून तुझ्या घरात राहील."

आणि मला एकदम रडू आलं.