ठिपक्यांतले आकडे

सिग्नलकाका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चार माणसं जमली, आणि पाचव्यानं चपला काढायच्या आत सांगून टाकलं की काका तरुणपणी रेल्वेत ड्रायव्हर होते, लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे नेली आणि रेल्वेची नोकरी घालवून बसले. सहाव्यानं त्यात दोन डबे घसरवले. संध्याकाळपर्यंत एक पूलही खचला होता. आमच्या गल्लीत बातमीला चाकं फुटायला वेळ लागत नाही, आणि ही बातमी तर गेली तीसेक वर्षं, कोणी काहीही सांगितलं तरी, अधूनमधून धावतच होती.

खरं असं, की काकांनी रेल्वेची नोकरी एक दिवसही केली नाही. गाडी हातात आलीच नाही, तर घसरवणार कुठून? छत्तीस वर्षं ते बाजाररस्त्यावरच्या छापखान्यात खिळे जुळवत होते. शिशाची उलटी अक्षरं चिमटीनं उचलायची, ओळीत बसवायची, ओळींची पानं करायची. उलटं वाचायची सवय इतकी, की समोर बसून कोणी वर्तमानपत्र वाचत असलं तर काका पलीकडून त्याच्या आधी पान संपवायचे आणि वर म्हणायचे, उलटा की आता.

पण जीव सगळा रेल्वेत. छापखाना साडेनऊला उघडायचा, आणि काका सातला स्टेशनात. कुठली गाडी वेळेवर, कुठली किती मिनिटं उशिरा, हे विचारून यायचे आणि गल्लीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवायचे. अक्षर छापल्यासारखं. ज्याला कुठंही जायचं नाही तोसुद्धा तो फळा वाचल्याशिवाय दूध आणायला जात नसे. कोणी प्रवासाला निघालं की काका आपणहून पिशवी उचलणार. फलाट कुठल्या बाजूला येतो, कुठला डबा जिन्यासमोर थांबतो, पाण्याचा नळ कुठं आहे, सगळं तोंडपाठ. म्हाताऱ्या माणसांना ते थेट जागेवर बसवून यायचे. असं पोचवायला गेलेले असताना तीनदा गाडी सुटली आणि काका पुढच्या स्टेशनावर जाऊन परत आले. काकू म्हणायच्या, पहिल्या वेळी चुकून गेले असतील, नंतरच्या दोन वेळा इंजिन आवडलं म्हणून गेले.

फलाटावर बसायला बाक हवा म्हणून त्यांनी सात वर्षं अर्ज केले. आठव्या वर्षी बाक आला, बिनरंगाचा. काका सुट्टीच्या दिवशी डबा-ब्रश घेऊन गेले. निम्म्यात रंग संपला म्हणून घाईनं दुसरा डबा आणला आणि बाक पुरा केला. डावी बाजू हिरवी, उजवी तपकिरी. गल्लीला वाटलं, रेल्वेची काही पद्धत असेल. काही शहाण्यांनी तर सांगितलं की हिरव्या बाजूला जाणाऱ्यांनी बसायचं आणि तपकिरी बाजूला येणाऱ्यांची वाट बघणाऱ्यांनी. लोक बरीच वर्षं तसे बसतही होते.

काकूंनी मात्र तो बाक पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन्ही बाजू नीट निरखल्या. मग हिरव्या बाजूला बसल्या, तपकिरी बाजूवर हात फिरवला, आणि म्हणाल्या की छान गुळगुळीत झालाय. काय झालंय ते त्यांना कळलं होतं. नवऱ्याला लाल, हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं.

तेव्हा त्या स्वेटर विणत होत्या. एक बाही व्हायची होती आणि हिरवी लोकर संपली. काकांनी मोठ्या खात्रीनं तपकिरी गुंडी आणून मांडीवर ठेवली. काकूंनी आधी लोकरीकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. थट्टेचा मागमूस नव्हता. काकूंनी एक शब्द न बोलता तपकिरी बाही विणली, आणि काकांनी तो स्वेटर चार हिवाळे अंगावर मिरवला.

त्या घरात एक रीत होती, काकांनीच लावलेली. इंजिनात दोन माणसं असतात. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, म्हणजे चुकीला जागा राहत नाही. तसं यांच्याकडे घरातून निघताना एक म्हणणार, कुलूप लावलं. दुसरं म्हणणार, लावलं. गॅस बंद. बंद. चौकात रस्ता ओलांडताना दिव्याकडे बघून, हिरवा. हिरवा. शेजारपाजारचे हसायचे. म्हणायचे, या दोघांचं भांडणसुद्धा दोनदा होत असेल. ‘सिग्नलकाका’ हे नाव पडलं ते यातूनच. हसणाऱ्यांच्या एवढंच लक्षात आलं नाही, की स्वेटरच्या त्या हिवाळ्यापासून चौकात आधी बोलायच्या त्या कायम काकूच. काकांनीही कधी विचारलं नाही की दर वेळी तूच का आधी. तेवढं एक त्या घरात न बोलता चालायचं.

त्यांना एकच मुलगी. बापाच्या कडेवरून गाड्या बघत वाढलेली, मग यंत्रं शिकली, आणि एक दिवस रेल्वेची असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा पास झाली. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. काकांनी त्या दिवशी फळ्यावर गाड्या लिहिल्याच नाहीत, नुसतं ‘सर्व वेळेवर’ लिहिलं. दोन दिवस ते जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी मात्र जेवता जेवता थांबले.

मग प्रश्न सुरू झाले. ही बादली कुठल्या रंगाची गं? पलीकडच्या गच्चीवर वाळतंय ते काय, लाल आहे की कसं? टोमॅटो पिकलाय का बघ जरा. मुलगी उत्तर द्यायची, आणि काका उत्तर ऐकून काकूंकडे बघायचे. काकू मान हलवायच्या. बिचाऱ्यांची पंचाईत अशी, की परीक्षा घ्यायची होती पण पेपर तपासता येत नव्हता. आपल्यातलं पोरीत उतरलं असेल तर तिची नोकरी गेली, ही एकच गोष्ट त्यांना खात होती, आणि ती बोलून दाखवायची म्हणजे चाळीस वर्षांचं झाकण उघडायचं.

मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बाबांना आपण इंजिनात चढायला नको आहोत. त्यात भर टाकली शिंप्यानं. आमच्या गल्लीचा शिंपी कपड्याला टाके घालतो तेवढेच बातमीला. मुलगी पँटची उंची कमी करायला गेली तेव्हा त्यानं टेप गळ्यात टाकून, दार अर्धं लोटून, अगदी घरचा म्हणून सांगितलं की तुझ्या वडलांनी लाल सिग्नल ओलांडला होता ना, म्हणून जीव घाबरतोय त्यांचा. पोर घरी आली आणि दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तपासणीचा फॉर्म घेऊन बसली आणि भराभरा रकाने भरू लागली.

त्यात एक रकाना होता: आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला रंग ओळखण्यात अडचण आहे काय? मुलीनं लिहिलं, नाही.

समोर काका बसलेले. उलटं वाचायचा उभा जन्म गेलेला. शाई वाळायच्या आत त्यांनी वाचलं.

“तिथं ‘हो’ लिही,” ते म्हणाले.

“कोणाला आहे?”

“मला.”

काकूंनी हातातली वाटी टेबलावर ठेवली. मग काकांनी खाली बघत सगळं सांगितलं, आणि त्यातलं अर्धं काकूंनाही नवीन होतं.

बाविसाव्या वर्षी ते याच नोकरीसाठी तपासणीला गेले होते. व्हरांड्यात पोरांची रांग. आत डॉक्टर एक पुस्तक दाखवायचा, पानोपानी रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत आकडा. काकांना आपल्या डोळ्यांविषयी शंका होतीच. म्हणून त्यांनी काय करावं? आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला गाठून पानांचे आकडे विचारून घेतले आणि वेळापत्रकासारखे क्रमानं पाठ केले. एका पानावर काहीच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, तेही पाठ. आत गेल्यावर गाडी झकास सुटली. डॉक्टर पान उलटतोय, काका आकडा सांगताहेत. रिकाम्या पानावर तर त्यांना खरोखरच एक आकडा दिसला. पण सगळे म्हणतात काही नाही, म्हणजे आपलेच डोळे खोटे, असं धरून ते म्हणाले, काही नाही. पुढची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. डॉक्टरनं ती एकदमच उलटली. काकांना ते कळलं नाही. त्यांनी पाठ केलेला पुढचा आकडा ठणकावून सांगितला. डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, भलतंच एक पान उघडलं. काकांनी त्याच्याही पुढचा आकडा सांगितला. डॉक्टरनं पुस्तक मिटलं.

तो रागावला नाही, काका म्हणाले. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, “तुमच्यामागे हजार माणसं बसणार. त्यांना काय पाठ म्हणून दाखवणार?”

डोळ्यांचं मला काही वाटलं नाही, ते म्हणाले. डोळे काही मी आणले नव्हते. पण लबाडी मी केली होती.

मुलीनं फॉर्म बाजूला सरकवला. मग तिनं शिंप्याची गोष्ट काढली. गल्लीभर लोक असलं काही बोलतात, ते बाबांना माहीत होतं की नाही? माहीत होतं. मग खोडून का नाही काढलं?

“त्या गोष्टीत मी निदान इंजिनात तरी होतो,” काका म्हणाले.

काकूंनी उठून उगाचच पाण्याचं भांडं भरलं. मुलीनं हळूच विचारलं की ‘हो’ लिहिलं तर मला दारातूनच परत पाठवतील का. काका म्हणाले, पाठवतीलही. खोटी आशा दाखवायची त्यांना त्या दिवशी हिंमत नव्हती. तरी तिनं ‘नाही’वर रेघ मारली आणि शेजारी ‘हो’ लिहिलं. आणि तेवढ्यातसुद्धा काकांमधला छापखान्यातला माणूस बोललाच, की खाडाखोड केली तर बाजूला सही करावी लागते.

तपासणीला तिघं गेले. गाडीत खिडकीशी काकू बसल्या, कारण त्या दिवशी काकांना बाहेर बघायचं नव्हतं. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्यावर काकांनी चष्मा इतक्या वेळा पुसला की काकूंनी तो काढून आपल्या पर्समध्ये ठेवला. आत डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरचं ‘हो’ आणि शेजारची सही बघितली आणि मुलीची दोनदा तपासणी केली. एकदा पुस्तक सरळ, एकदा मधूनच कुठूनही उघडून. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन छोटे छोटे दिवे दाखवले. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात काकूंच्या सांगण्याप्रमाणे काका एकच वाक्य बोलले. ते म्हणाले, मी तिला गाड्या दाखवायला नकोच होत्या.

मुलगी बाहेर आली ती आईकडे न बघता सरळ बापाच्या शेजारी जाऊन बसली. पास झाल्याचं तिनं नंतर सांगितलं. आधी सांगितलं ते निराळंच. पुस्तकात एका पानावर तिला काही केल्या आकडा सापडला नाही, म्हणून नोकरी गेलीच असं तिनं धरलं होतं. तपासणी संपल्यावर बाईंनीच हसून सांगितलं की ते पान मुद्दाम तसं असतं. बाकीच्यांना तिथं नुसते ठिपके दिसतात. आकडा दिसतो तो फक्त तुझ्या वडलांसारख्यांना.

“म्हणजे बाबा, तुम्हाला दिसला तो होता,” ती म्हणाली.

काकांनी चष्मा मागितला. काकूंनी तो दिला नाही, रुमाल दिला.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, की बापाचा हा दोष मुलीच्या डोळ्यांत फार क्वचित उतरतो. म्हणजे महिनाभर टोमॅटो आणि बादल्या विचारून त्या माणसानं स्वतःला आणि घराला छळलं होतं ते फुकटच. परतीच्या गाडीत काकू त्यांना हे ऐकवत होत्या, आणि काका खिडकीशी बसले होते.

पुढं ती असिस्टंट झाली, आता स्वतः गाडी नेते. काकांनी त्यानंतर काहीच लपवून ठेवलं नाही. बाकाची हकिकत तर ते स्वतःच हसत सांगायचे. हिरव्या बाजूला जाणारे आणि तपकिरी बाजूला येणारे, ही पद्धत ज्यांनी शोधून काढली होती त्यांचीच तोंडं तेवढी बघण्यासारखी झाली. सगळ्यात जास्त पंचाईत झाली शिंप्याची. पंचवीस वर्षं जपून वापरलेली बातमी हातातून गेली, ती त्याला सोसेना. एका सकाळी दुकानात चांगली पाच-सात गिऱ्हाइकं असताना काका बटण लावून घ्यायला आले, तेव्हा त्यानं संधी साधली. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की काय हो काका, बाजारात जाताना रेल्वे फाटकाशी ‘चला’ म्हणायचात ते तुम्ही, आणि आम्ही सगळे मुकाट तुमच्यामागे रूळ ओलांडायचो. दिवा लाल की हिरवा ते तर तुम्हाला दिसतच नव्हतं. मग इतकी वर्षं आमचा जीव होता तरी कोणाच्या भरवशावर?

काकांनी बटण त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “गाडी मला कानांनी कळते. फाटकाशी तेवढा वेळ तोंड मिटलं असतंत, तर तुम्हालाही कळली असती.”