भाग क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस

कारखान्यात त्यांना सगळे कागदमास्तर म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. चौतीस वर्षं मास्तर वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंग ऑफिसात उंच स्टुलावर बसून यंत्रांचे भाग कागदावर उतरवत होते. रेघ अशी की नवखा माणूस ती छापलेली समजायचा. पण त्या हातांनी आयुष्यात एक साधा बोल्टसुद्धा तासला नव्हता, आणि खालच्या मजल्यावरचे टर्नर ही गोष्ट त्यांना विसरू देत नसत. "कागदावर लोखंड फार मऊ असतं, मास्तर," असं जिन्यात कोणीतरी हमखास म्हणायचं. मास्तर हसून वेळ मारून न्यायचे. वर जाऊन मात्र पेन्सिलीला गरजेपेक्षा जास्त टोक काढायचे.

त्यांच्या कागदाला दुसऱ्या कोणाची पेन्सिल लागलेली त्यांना खपत नसे. एकदा खुद्द मालकांनी एका ड्रॉइंगवर बरोबरची खूण केली, तर या गृहस्थाने चकार शब्द न काढता अख्खं ड्रॉइंग पुन्हा नव्याने काढलं. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा दुसरा नियम. लग्नाआधी मुलीची उंची सासऱ्यांनी सांगितली ती तेवढी त्यांनी खरी मानली, असं त्यांची बायको सांगते. तेव्हाही डोळे दाराच्या चौकटीवरच होते म्हणे.

खालच्या मजल्यावर शब्द चालायचा तो उस्तादांचा. उस्ताद लेथवर होते. लेथ म्हणजे लोखंडाची दांडी गरगर फिरवून तिला हत्याराने तासणारं यंत्र, आणि उस्तादांचा लेथ म्हणजे उस्तादांचाच, दुसऱ्याने त्याच्या हँडलला हात लावायची सोय नव्हती. तीस वर्षांत त्यांनी एक दिवस रजा घेतली नाही. ताप आला तरी हजर. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी सुट्टीच्या वारी उरकलं. मालकांनी त्याबद्दल त्यांना सगळ्यांसमोर भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा उस्ताद खाली मान घालून उभे होते. केवढा विनयशील माणूस, असं सगळे म्हणाले.

मास्तर निवृत्त झाले आणि पुढे दोन वर्षांनी कारखानाच बंद पडला. यंत्रं भंगारात वजनावर जाणार असं कळलं, तेव्हा मास्तर नुसतं बघायला म्हणून गेले. बघता बघता उस्तादांच्या लेथवर हात ठेवून ते म्हणाले, हा मला हवा. सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांचं त्यांनाच वाटलं. आपण काढलेली एक तरी वस्तू आपल्या हाताने करून बघायची, ही इच्छा चौतीस वर्षं पोटात होती, ती अशी चारचौघांत बाहेर पडली. दोघे-चौघे हसले. उस्ताद हसले नाहीत. त्यांचे हात वर्षभरापासून थरथरत होते, कप धरायचा तर दोन्ही हातांनी धरावा लागे. त्यांनी लेथकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"घ्या," ते म्हणाले. "पण शोभेला ठेवायला देत नाही मी. वीतभर दांडी तासून दाखवा, दोन्ही टोकं सारखी. नाही जमलं तर भंगारवाल्याला मीच बोलावीन. आणि एक सांगतो. धुवायचं ते धुवा, पण डोकं उघडू नका."

डोकं म्हणजे लेथच्या डाव्या टोकाचा जड भाग. दांडी पकडणारा चक त्यातच फिरतो. मास्तरांनी शब्द दिला. त्या क्षणी तो त्यांनी मनापासून दिला होता, हे इथे सांगून ठेवायला हवं.

लेथ घरी आला तो मागच्या खोलीत. तिथलं कपाट बाहेर गेलं, सायकल बाहेर गेली, आणि आपलाही नंबर कधी लागतो ते बघू, असं बायको म्हणाली. पण मास्तर ज्या निष्ठेने कामाला लागले ते बघून तीही गप्प झाली. रोज सकाळी अंगात जुना शर्ट, हातात रॉकेलचं भांडं आणि तारेचा ब्रश. आधी हिरवा रंग निघाला, त्याखाली करडा, त्याखाली मूळचा काळा. स्क्रूच्या आट्यांमधली तीस वर्षांची घाण त्यांनी दात कोरायच्या काडीने काढली. एक दातेरी चाक फुटलं होतं, ते त्यांनी जुन्या बाजारात सात चकरा मारून शोधलं. वय वर्षं बासष्ट, कंबर केव्हाच दगा द्यायला लागलेली, पण हा माणूस लेथच्या बेडखाली, म्हणजे त्याच्या लांब लोखंडी बैठकीखाली, पाठीवर झोपून गुणगुणत असे. खरं सांगायचं तर त्या वयात नव्याने शिकाऊ व्हायला छाती लागते.

निघालेला प्रत्येक भाग मास्तर कागदावर उतरवत होते. सवयच ती. एकशे सत्तेचाळीस भाग, प्रत्येकाला नंबर, माप, कशाचा आहे, कोणी बनवला. आणि इथेच घोडं अडलं. डोकं उघडल्याशिवाय त्याचा खालचा भाग दिसणार नव्हता, आणि न बघितलेली वस्तू मास्तरांनी जन्मात कधी काढली नव्हती. तीन दिवस ते त्या चार बोल्टांभोवती घुटमळले. चौथ्या दिवशी त्यांनी बोल्ट सोडवले. एखादा टर्नर असता तर शब्दाखातर थांबला असता. हे ड्राफ्ट्समन पडले.

बायकोने बॅटरी धरली. डोकं उचललं, तर खाली घट्ट झालेल्या तेलाचा थर आणि एका कडेला चिकटलेला काळा पापुद्रा. मास्तरांनी तो सुरीने खरवडून काढला, "कचरा," असं म्हणून बाजूला टाकला आणि दोन्ही बाजू आरशासारख्या लख्ख केल्या. बेड, डोकं आणि बोल्ट, लेथ बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ नकाशात डोक्याखाली एवढंच होतं, आणि नकाशात नाही तो कचरा. डोकं परत बसवलं, बोल्टांवर नवा रंगही दिला. इतकं स्वच्छ ते कंपनीतून नवं आलं तेव्हाही नसेल.

मग दांडी तासली. पहिला कीस निळसर वळसे घेत पडला, तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी रॉकेलच्या वासावर ढकललं. दांडी मोजली. चकाजवळ आणि दुसऱ्या टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक. म्हणजे केसाएवढा. तुम्हाआम्हाला तो दिसला नसता, पण उस्तादांना बोटाने कळला असता.

पुढचे दोन महिने मास्तरांनी जिवाचं रान केलं. हत्यार बदललं, पट्टा बदलला. लेथच्या पायांखाली लेव्हल लावून फरशी तपासली आणि एका संध्याकाळी जाहीर केलं की खोलीची जमीनच उतरती आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली.

पायाखाली पत्रे सारून तेही करून झालं. फरक तसाच. उस्तादांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं, पण विचारायचं कोणत्या तोंडाने? डोकं उघडू नका, एवढं एकच त्यांनी मागितलं होतं. त्यात निरोप आला की उस्ताद आता कायमचे मुलीकडे राहायला चालले आहेत, लांबच्या गावी, आणि जाण्याआधी रविवारी येऊन दांडी बघणार आहेत. मधे सहा दिवस होते. मास्तर जेवेनासे झाले. लेथ गेला असता तर गेला असता, पण आपण शेवटी कागदमास्तरच, हे उस्तादांच्या तोंडून ऐकावं लागणार, याची त्यांना खरी भीती होती.

गुरुवारी जेवताना त्यांनी अखेर बायकोला सगळं सांगितलं, शब्द मोडल्याचंही. ती थोडा वेळ भात कालवत राहिली. मग उठली आणि कपाटातून औषधाचं कागदी पाकीट घेऊन आली. तिची तीस वर्षं औषधांच्या दुकानात गेली होती. पाकिटावर "दिवसातून तीन वेळा" असं छापलेलं होतं, आणि त्याखाली तिच्या अक्षरात तारीख आणि "डोक्याखालून, पुढची कड, चकाच्या बाजूने".

"कचरा म्हणालात म्हणून ठेवला," ती म्हणाली. "पेशंट बरा होईपर्यंत आम्ही रिकामी बाटलीसुद्धा टाकत नाही."

मास्तरांनी पाकिटातला तो पापुद्रा रॉकेलमध्ये बुडवून पुसला. काळं निघून गेलं आणि खाली पत्रा दिसला. तंबाखूच्या डबीचा, कारण एका कोपऱ्यात लाल रंगात छापलेली अर्धी पानं अजून शिल्लक होती. कात्रीने कापलेला, आणि घासून घासून पातळ केलेला. कुठलाही कचरा इतक्या नेमक्या आकाराचा नसतो. अति तिथे माती म्हणतात, ती ही. स्वच्छतेच्या नादात मास्तरांनी यंत्राचा एक अवयवच काढून टाकला होता. त्यांनी तो मायक्रोमीटरने मोजला, बायकोने लिहिलेल्या कडेला ठेवला, डोकं बसवलं आणि दांडी तासली. दोन्ही टोकं सारखी. त्यांनी पाच वेळा मोजलं, मग बायकोलाही मोजायला लावलं.

रविवारी उस्ताद आले. खुर्चीवर बसले नाहीत. थेट मागच्या खोलीत जाऊन त्यांनी लेथभोवती एक फेरी मारली. दांडी घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मायक्रोमीटर त्यांना धरता येईना, म्हणून मास्तरांनी मोजून आकडे सांगितले. उस्तादांनी मान हलवली. मग त्यांची नजर डोक्याच्या चार बोल्टांवर गेली, आणि त्यांच्यावरच्या नव्या रंगावर थांबली.

"उघडलंत," ते म्हणाले.

"उघडलं," मास्तर म्हणाले. "खाली पॅकिंगचा पत्रा होता, तो जागेवर ठेवलाय. चुकलो मी, उस्ताद."

आता उस्ताद खुर्चीवर बसले. मग खाली बघतच त्यांनी सांगितलं. तीस वर्षांपूर्वी शेजारच्याशी गप्पा मारण्याच्या नादात त्यांनी चालू लेथचं हत्यार फिरत्या चकावर नेऊन आदळलं होतं. आजूबाजूला जेवणाची सुट्टी झालेली, कोणी पाहिलं नाही, आणि ज्याच्याशी बोलत होते तो महिनाभरात दुसरीकडे गेला. पण डोकं केसभर सरकलं ते सरकलंच. त्यांनी डबीचा पत्रा घासून खाली सारला आणि लेथ पुन्हा सरळ केला. दुसऱ्या कोणी डोकं उघडलं तर आपलं बिंग फुटेल, या भीतीने त्या दिवसापासून त्यांनी लेथ कोणाच्या हाती दिला नाही.

"लोक म्हणायचे, उस्ताद रजा घेत नाही," ते म्हणाले. "कशी घेणार होतो? त्या घड्याळाकडे मी आजपर्यंत सरळ बघितलेलं नाही."

मास्तरांना या माणसाचा आधीपेक्षा जास्त आदर वाटत होता, आणि तो शब्दांत सांगायला गेलो तर काहीतरी भलतंच बोलून बसू, हेही कळत होतं. म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीने केलं. ड्रॉइंगची गुंडाळी आणली आणि लेथवरच उलगडली. सगळ्यांत खाली, शुक्रवारी घातलेली एक नवी ओळ होती. भाग क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस. पॅकिंग. तंबाखूच्या डबीचा पत्रा. जाडी, मिलिमीटरचे बारा शतांश. वरच्या सगळ्या भागांपुढे "बनवणारा" या रकान्यात कंपनीचं नाव होतं. या ओळीत लिहिलं होतं, उस्ताद.

उस्तादांनी चष्मा लावला. बोट ओळीवरून सावकाश सरकत गेलं. "बनवणारा"पाशी ते बराच वेळ थांबलं. मग मागे आलं.

"बारा नाही," ते म्हणाले. "अकरा."

"मोजलाय मी."

"कडेला मोजला असेल. तिथे कात्रीची धार राहिलीय, मला माहीत आहे. मधे अकरा. दोन दिवस घासत होतो मी तो."

एरवी मास्तर उठले असते, बोल्ट सोडवले असते, पत्रा काढून मधोमध मोजला असता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि उस्तादांपुढे धरली.

"तुमच्या कागदावर? मी?"

"भाग तुमचा आहे," मास्तर म्हणाले.

उस्तादांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. बारा खोडून अकरा लिहायला त्यांना बराच वेळ लागला, आणि अकरातले दोन्ही आकडे वाकडे आले, पहिला इकडे झुकलेला, दुसरा तिकडे. मास्तर शेजारी उभं राहून बघत होते, आणि त्यांनी कागद नुसता धरून ठेवला होता, हलू नये म्हणून.

ते ड्रॉइंग आता लेथच्या वर भिंतीला लावलेलं आहे. मास्तरांनी ते पुन्हा काढलेलं नाही.