आप्पांचं ओलं बोट

आप्पांनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं खांबांवर चढउतार केली. लाइन जिवंत आहे का, हे ते ओलं बोट तारेला लावून सांगत. खात्याने मीटर दिला होता. तो त्यांनी जसाच्या तसा परत केला.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी कंपनीने जुनी तार बंद केली आणि घरचा नंबर इंटरनेटच्या राउटरमधून द्यायला सुरुवात केली. राउटर वरच्या मजल्यावर, सूनबाईची तपासणीची खोली खाली. सूनबाई सुईण. आसपासच्या प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर हाच नंबर, आणि खाली मोबाइलला रेंज नाही. म्हणून आप्पांनी एक पेटी आणली. राउटरची लाइन तिच्यात घालायची, की घरच्या नेटवर्कवरून दोन्ही मजल्यांवरचे फोन एकदम वाजणार.

सकाळी नऊला जोडणी झाली. साडेनऊपर्यंत काही वाजलं नाही.

"आप्पा, त्या रंगाऱ्याच्या बायकोचे दिवस भरलेत. आज कधीही फोन येईल."

"येऊ दे की."

"कुठून येऊ दे? अंगणात जाऊन मोबाइलवरून लावून पाहिला. इथे चिडीचूप!"

पेटीला दोन खाचा होत्या. आप्पांनी दोन्हींत बोट लावून पाहिलं होतं आणि जिच्यात झिणझिण्या आल्या तिच्यातच वायर खुपसली होती. मेलेल्या खाचेत लाइन घालणारा माणूस खात्यात टिकला नसता. आता त्यांनी चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा. जिवंत खाच फोनसाठी होती, त्याला वीज पुरवायला. राउटरची लाइन आपली वीज घेऊनच येते, म्हणून ती मेलेल्या खाचेत घालायची होती.

"दोन्हीकडे वरमायाच," आप्पा म्हणाले. "मान द्यायचा कुणी?"

त्यांनी वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. पाचव्या मिनिटाला वरखाली फोन खणखणले. आप्पांनी झडप घातली.

"सुईणबाई आहेत का? हिला कळा सुरू झाल्या!"

"आवाज स्पष्ट येतोय?"

"अहो, ओरडतेय ती!"

"ते येतंय ऐकू. मधे खरखर?"

सूनबाईने फोन हिसकावला, दोन प्रश्न विचारले आणि बॅग उचलली. "फोनजवळच बसा," चपलेत पाय सरकवत ती म्हणाली. "आणि कुणी विव्हळत असेल, तर आधी पत्ता विचारा."

"आणि खरखर?"

"पत्ता मिळाल्यावर."

आप्पांनी मान डोलावली आणि खुर्ची फोनजवळ ओढली.