सलीमची माशी

सलीम गेल्याचं मला पौडच्या बाजारात कळलं. भातातलं तण बेणता बेणता बांधावर टेकला, तो उठलाच नाही... दीड महिना झाला. पहिलीपासूनचा सोबती, बांधाला बांध लागून आमची खाचरं. त्याला माती देऊन आलो, पण त्याला सांगायची एक गोष्ट माझ्या घशातच राहिली.

सलीमला एका माशीचं वेड होतं. टाचणीच्या टोकाहून बारीक माशी. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि किडा जन्मायच्या आत तिचं पिल्लू त्याला खाऊन बाहेर पडतं. या माश्यांची अंडी चिकटवलेली कार्डं तो पुण्याहून आणायचा, तुकडे करून भाताच्या पानांमागे स्टेपलरने टाचायचा. आम्ही खिदळायचो.

तीन वर्षांपूर्वी धरणाच्या अंगाला बिबट्या आला. पिंजरा लागला, रिसॉर्टचे पाहुणेसुद्धा मोबाईल घेऊन धावले. सलीम कार्डं टाचत होता. "चल की बघायला," मी म्हटलं.

"त्याला काय बघायचं? येक शेळी मारतुया आन् चार दिस झोपतुया. ही माझी डोळ्याला दिसत न्हाई, पण आख्खं खाचर राखती. हिला बघाय कोण आलंय का?" मग म्हणाला, "दत्तू, आठ दिस तेवढं फवारू नगंस, औषधानं ही मरती."

"बरं बाबा," म्हटलं.

चौथ्या दिवशी बिबट्या सापडला. सगळा गाव तिकडे पळाला, शेवटी सलीमही गेला. माझ्या भाताचे दोन-चार पोंगे सुकलेले दिसले, खोडकिडा लागला म्हणून माझा धीर सुटला. पंप पाठीवर घेतला. वारा त्याच्या खाचराकडे वाहत होता, हे मला कळत होतं. तरी पंप रिकामा केला.

त्या वर्षी त्याच्या भाताला पांढरी, पोकळ कणसं आली. लोकांनी त्याची टर उडवली. त्यांच्यात मीही हसलो, लाज वाटते सांगायला. तो एवढंच म्हणाला, "कार्डंच खराब निगाली आसतील." त्यानंतर तीन वर्षं आम्ही रोज बांधावर चहा प्यायलो. आज सांगू, उद्या सांगू...

परवा सलीमच्या घरी भाभींकडे गेलो. निदान त्यांच्यापुढे तरी कबूल करावं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फ्रिजमधून कागदात गुंडाळलेली कार्डं आणून दिली. "ह्यी तुमची, दत्तूभाऊ. म्हनत व्हते, औंदा आधी दत्तूच्या खाचरात लावतो, म्हंजी त्याला फवारायची येळच येनार न्हाई."

"म्हणजे... त्याला ठाऊक होतं?"

"व्हय. तवाच म्हनले, बांधावर औषधाचा वास येतुया. मी म्हनलं, विचारा की. तर न्हाई म्हनले. त्यो आपनहून सांगल म्हनले."

दीड महिन्यात कार्डांतल्या माश्या कधीच मेल्या होत्या. तरी संध्याकाळी मी ती एकेक करून माझ्या भाताला टाचली, आणि त्याच्या खाचराकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "सलीम, मी फवारलं होतं रे."