मामाने वाटलेले पाच कागद

आमचा मामा घरात मीठसुद्धा कुजबुजत मागतो. "मीठ दे," हे तो असं म्हणतो की ऐकणाऱ्याने आधी दार लावून घ्यावं. मग मामी मुद्दाम खणखणीत आवाजात, "अहो, मीठच मागताय ना? फॉर्म्युला नाही!"

त्याचा दोष नाही. बुटांचे तळवे चिकटवायचा गोंद करणाऱ्या कारखान्यात गुपितं बाहेर फुटू नयेत, हे बघायची नोकरी तो अकरा वर्षं करतोय. कपाटं, किल्ल्या, पासवर्ड, कचऱ्याच्या टोपल्या. टोपल्या तर स्वतः उपसतो. "शत्रू कचऱ्यातून येतो," हे म्हणताना त्याच्या भुवया पार केसांत जातात.

यंदा नवा गोंद निघाला आणि मामाने डोकं चालवलं. कृतीच्या पाच प्रती काढून पाच जणांना बंद पाकिटात दिल्या. प्रत्येकीत एकच आकडा वेगळा: गोंद किती मिनिटं ढवळायचा. कुणाला एकेचाळीस, कुणाला बेचाळीस, असं पंचेचाळीसपर्यंत. दोन-चार मिनिटांनी गोंदाचं काही बिघडत नाही. पण कागद फुटला, तर कुणाचा ते कळणार.

दोन महिन्यांत फुटलाच. दुसऱ्या कंपनीच्या माणसाच्या मोबाइलवर त्याचा फोटो कारखान्याच्या विक्रेत्याने पाहिला. आकडा त्रेचाळीस.

मामाने वही उघडली. त्रेचाळीस म्हणजे खुद्द मालक.

जेवायला आलेल्या पाहुण्यांना कागद दाखवायची मालकांना हौस, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांना सांगणार कोण? मामाने दोन दिवस आरशासमोर सराव केला. "साहेब, एक छोटीशी गंमत झालीय..."

"गंमत म्हणू नका," मामी म्हणाली, "हसतील."

हसलेच. "म्हणजे मी माझ्याच घरी चोरी करतो, समजलं ना? तुमची पद्धतच गंडलीय, समजलं ना? त्या मिक्सिंगच्या बाई आठ दिवस रजेवर होत्या. कुठे होत्या? समजलं ना?"

त्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. सव्वीस वर्षं गोंद ढवळतायत. रजा लेकीच्या बाळंतपणाची.

"साहेब, त्यांच्या कागदावर एकेचाळीस आहे."

"संध्याकाळपर्यंत त्यांना कामावरून काढा, कार्ड जमा करून घ्या."

मामा गेला. मावशी पिंपात दांडा फिरवत होत्या. ऐकूनही हात थांबला नाही. "थांब रे दादा, आत्ता सोडलं तर गुठळ्या होतील." दांड्यावरच्या थेंबाची लांब तार निघाली, तेव्हा त्यांनी बर्नर बंद केला. मग हात पुसून कपाटातून कार्ड काढलं आणि पाकीटही. पाकीट बंदच होतं. जोडावरची मामाची सही अखंड.

"मावशी, तुम्ही वाचलंच नाही?"

"चष्मा शोधत कोण बसणार? तार आली की झालं. मिनिटं तुम्हा लोकांना लागतात."

मामा पळतच जिना चढला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कारखान्याने त्याचा आवाज ऐकला: "साहेब, बंद आहे! उघडलंच नाही!"

मालकांनी पाकीट उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं.

"पुन्हा चिकटवलं असेल. आपण इथे बनवतो काय?"

मामाने कार्ड जमा केलं. कारणाच्या रकान्यात 'मालकांच्या सांगण्यावरून' असं लिहिलं. कारकुनाने ते खोडलं, फॉर्म परत सरकवला आणि म्हणाला, "माहिती फोडली, असं लिहा."

मामाने लिहिलं.